चौघांची गाडी

जुन्या गाडीने भर चढावर मान टाकली तेव्हा स्टिअरिंगवर ताई होती, मागे दोन्ही मुलं होती आणि डिकीत डब्बूचं पोहण्याचं ओलं सामान. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. ताईने आधी मुलांना फुटपाथवर उतरवलं. मग बॉनेट उघडून ठेवलं, म्हणजे ही बाई मुद्दाम उभी नाही हे निदान लोकांना कळावं. आणि मग दवाखान्यात फोन लावला.

"चिमे, गाडी गेली गं. या वेळेला खरीच गेली. आम्ही ठीक आहोत, तू तुझं काम चालू दे."

चिमी दातांची डॉक्टर. बाहेर सगळे तिला डॉक्टर म्हणत. चिमी म्हणणारं माणूस आता एक ताईच उरलं होतं. फोन आला तेव्हा तिच्या खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. असिस्टंटने कानाशी धरलेल्या फोनवर ती नुसतं "बरं" म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. ताई आहे म्हटल्यावर काळजीचं कारण नव्हतं. त्या घरात कैक वर्षांत कुणी फारशी काळजी केलीच नव्हती, कारण ती करायला ताई होती.

ताई तिच्याहून बरीच मोठी. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच सांगायची, जसं काही दूध आणायचं राहून गेलं. दुसऱ्या एका गावात कॉलेजच्या ग्रंथालयात तिची नोकरी होती. चिमीला मुलगी झाली तेव्हा दवाखाना नुकताच थाटलेला, नवरा पुलांचे आराखडे करणारा इंजिनिअर आणि महिना महिना कामावर बाहेर. ताई "दोन-तीन महिने येते" म्हणून आली. मुलीचं नाव मनी तिनेच पाडलं. मनी रांगायला लागली, चालायला लागली, पाठोपाठ डब्बू झाला. ताईने आधी रजा वाढवली, मग बिनपगारी रजा घेतली, आणि एक दिवस राजीनामा पाठवून दिला. त्याबद्दल घरात कधी बसून बोलणं असं झालंच नाही. मागच्या बाजूच्या खोलीत तिची बॅग उभी होती, ती हळूहळू आडवी झाली, तिच्यावर पुस्तकं चढली, आणि ताई तिथलीच झाली. मुलांना शाळेत सोडणं, आणणं, मनीची टेबल टेनिसची प्रॅक्टिस, डब्बूचं पोहणं, डब्बूचा चष्मा, डब्बूचा हरवलेला दुसरा चष्मा, हे सगळं ती त्या जुन्या गाडीतून करायची. गाडी कुणाच्या नावावर होती कोण जाणे, पण आरसा कायम ताईच्या उंचीला लावलेला असे.

तर गाडी गेली, आणि नवी घ्यायचं ठरलं.

नवऱ्याला गाडी घेणं म्हणजे पूल बांधण्यासारखंच वाटत होतं. जेवताना त्याच्या फोनमधून कुणीतरी माणूस सतत डिकीची मापं सांगत असे. दोघांचंही आता बरं चाललं होतं, त्यामुळे साधीसुधी नाही, जरा चांगली, उंच, ऐसपैस, म्हणजे लोक ज्याला लक्झरी एसयूव्ही म्हणतात तसली घ्यायची यावर दुमत नव्हतं. खूप मोठीही नको, कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबांच्या मध्ये ती मावायला हवी. चाळता चाळता दोन गाड्या उरल्या. डब्बूने एकीचं नाव ठेवलं हत्ती आणि दुसरीचं चित्ता, आणि घरात पुढे तीच नावं चालू झाली.

हत्ती चौकोनी, लांब, सात जणांची. मागे तिसरी ओळ होती, नको तेव्हा दुमडून टाकता यायची. मधली ओळ पुढे-मागे सरकायची. दारं अशी रुंद उघडायची की म्हाताऱ्या माणसाने न वाकता आत बसावं. चित्ता पाच जणांची, छत मागे उतरतं, काचेचं, आणि चालवायला अशी की स्टिअरिंगला नुसतं मनात सांगावं. मागे मात्र दोघंच आरामात बसतील. मधल्या जागेखाली जमिनीला चांगला घोट्याएवढा उंचवटा होता, आणि मधली सीट म्हणजे दोन मऊ सीटच्या मध्ये कोंबलेली एक टणक उशी.

"तिथे कोण बसणार?" नवऱ्याने शोरूममध्ये पहिल्याच दिवशी विचारलं.

"मी बसते की," ताई म्हणाली आणि चित्त्याच्या मागच्या सीटवर मनी आणि डब्बूच्या मधोमध जाऊन बसलीसुद्धा. मनी आता उंच झाली होती, डब्बू आडवा वाढत होता. ताईचे गुडघे त्या उंचवट्यामुळे पार छातीशी आले. गेली दोन-तीन वर्षं जिना उतरताना ती कठडा धरायला लागली होती.

"मावशी, तू फोल्डिंग खुर्चीसारखी दिसतेयस," डब्बू म्हणाला.

"गप रे. खुर्चीला विचारून बसतोस का कधी?" ताई हसली.

नवरा हसला नाही. "ताई, हे काही बरोबर नाही. दोन तास असं बसलात तर तुम्हाला क्रेनने काढावं लागेल." आणि त्याचं मन हत्तीकडे झुकलं ते झुकलंच.

चिमीचं मन मात्र चित्त्यावर जडलं होतं. त्याचं कारण तिने कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतंच. पहिल्यांदा ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि दार ओढून घेतलं, तेव्हा एक जाड, मऊ आवाज झाला आणि बाहेरचं जग बंद झालं. रस्त्यावर बस होत्या, कुणीतरी भिंत फोडत होतं, शोरूममध्ये गाणी लागली होती. यातलं काही आत येत नव्हतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ड्रिलची किरकिर ऐकणाऱ्या तिच्या कानांना ती शांतता अशी लागली की तिला उठवेना. हत्तीतही शांत होतं, पण हत्तीत बसलं की आपण शाळेची बस चालवतोय असं वाटायचं. आयुष्यात प्रत्येक गोष्ट तिने गरज म्हणून घेतली होती. खुर्ची, एक्स-रेचं मशीन, फ्रीज, वॉशिंग मशीन, सगळं. एक गोष्ट नुसती आवडली म्हणून घ्यावी, असं तिला फार वाटत होतं. यात चुकीचं काय होतं? काहीच नव्हतं. तिने तसं सरळ सांगितलं असतं तर घरातल्या कुणीही, ताईने तर सर्वांआधी, "मग घे की" म्हटलं असतं. पण आवडली म्हणून हवी, असं म्हणायची तिला सवय नव्हती. तिला कारण लागायचं.

शेवटचं ठरवायला म्हणून ते सगळे पुन्हा एकदा हत्तीच्या शोरूममध्ये गेले. सुट्टीची दुपार होती. चकचकीत फरशी, कोपऱ्यात कॉफीचं मशीन, आणि टाय लावलेला एक उत्साही सल्लागार. नवरा आणि डब्बू बॉनेटपाशी इंजिन बघत होते. मागचं मोठं दार बटण दाबल्यावर आपोआप वर गेलं होतं, आणि मधली सीट पुढे सरकवून ताई आणि मनी तिसऱ्या ओळीत जाऊन बसल्या होत्या. मनी पाय कुठे ठेवायचे ते बघत होती. ताई छताला हात लावून बघत होती.

चिमी गाडीच्या मागे थोडी बाजूला उभी होती. सल्लागाराने विचारलं, "मॅडम, घरात रोजचे किती जण?"

विचारायला साधा प्रश्न. पण त्याच्या उत्तरावर सगळं अडलं होतं हे तिला कळत होतं. पाच म्हटलं की तो म्हणणार, मग ही जागा तुम्हाला लागेलच. नवरा मान डोलावणार. आणि हत्ती घरी येणार.

"आम्ही चौघंच," ती म्हणाली. "माझी बहीण असते, पण ती काय, कधीतरी. पाहुण्यांसारखंच ते. तेवढ्यासाठी एवढं मोठं धूड रोज कुठे फिरवायचं?"

"बरोबर आहे मॅडम," तो म्हणाला. त्याचा चेहरा जरा पडला, कारण त्याच्या हातातलं गिऱ्हाईक चाललं होतं.

थोड्या वेळाने ताई गाडीतून उतरली. सीटचा आधार घेत, आधी एक पाय, मग दुसरा. स्वेटर सारखा केला. मनी तिच्यामागून उतरली आणि कुणाकडेही न बघता कॉफीच्या मशीनकडे निघून गेली. वयात आलेली मुलं अशी उठसूट कुणाकडेही न बघता निघून जातातच, त्यामुळे चिमीने तिकडे लक्ष दिलं नाही.

"कशी वाटली, ताई?" नवऱ्याने विचारलं.

"चांगली आहे," ताई म्हणाली. "पण चित्ताच घ्या. ही फार मोठी होते."

"अहो पण तुम्हाला मागे..."

"माझं काय घेऊन बसलात! गाडी रोज कोण चालवणार? चिमी. तिला आवडते ती घ्या."

चिमीला एवढा आनंद झाला की तिने तिथेच ताईच्या खांद्याभोवती हात टाकला. "बघ," ती नवऱ्याला म्हणाली, "ताईच म्हणतेय!" पुढचे कितीतरी दिवस ती हे वाक्य वापरत होती. सासूबाईंना फोनवर सांगताना, शेजाऱ्यांना सांगताना. ताईच म्हणाली म्हणून घेतली.

चित्ता घरी आला. गाडी आणायला सगळे गेले, ताई गेली नाही. म्हणाली, गुडघा ठणकतोय, तुम्ही या घेऊन, मी वरून बघते. आणि तिने खरंच खिडकीतून बघितलं, हातही हलवला. पुढच्या सुट्टीत तळ्याकाठी जायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही चौघं जा. मला जरा कपाटं आवरायचीत." त्याच्या पुढच्या वेळी डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या वेळी कुणी फार आग्रह केला नाही. मागच्या सीटवर मनी आणि डब्बू दोन खिडक्यांना ऐसपैस बसत, मध्ये पाण्याच्या बाटल्या आणि चिप्सची पाकिटं ठेवत, आणि गाडी खरोखर चौघांना अगदी मापात बसत होती.

ताईने ती कधी चालवलीही नाही. "मला नाही जमायची असली, नुसते स्क्रीन आणि बटणं," म्हणाली. जिने त्या जुन्या खटाऱ्याला गोंजारत, दटावत इतकी वर्षं शहरभर पळवलं, तिला ही आपोआप पार्क होणारी गाडी जमेना, हे खरं तर कुणालाही खटकायला हवं होतं. चिमीला वाटलं, वय झालं. डब्बूसाठी शाळेची बस लावली. मनी मैत्रिणींबरोबर मेट्रोने जायला लागली. ताईचं काम एकेक करून कमी होत गेलं, आणि चिमीला वाटलं, बरं झालं, तिलाही जरा विश्रांती.

मग एका सकाळी चहाच्या वेळी ताई म्हणाली, "माझी ती ग्रंथालयातली मैत्रीण आहे ना, तिचे मिस्टर गेल्यापासून एकटीच असते. घर मोठं आहे. ये म्हणतेय. मी जाऊन राहीन म्हणते."

"किती दिवस?" चिमीने विचारलं.

"बघू."

"अगं पण असं एकदम?"

"एकदम कुठे? मुलं मोठी झाली आता. मनीचं परीक्षेचं वर्ष, तिला खोली होईल."

नेमकं तेव्हा चिमीच्या मनात काय आलं, ते तिला नंतर कितीही विसरावंसं वाटलं तरी विसरता आलं नाही. तिला वाईट वाटलं, ते होतंच. पण त्याच्या आधी, अगदी निमिषभर, हलकं वाटलं. खोली मोकळी होणार. कुणाला दुखवायला नको आणि मनीलाही जागा मिळणार. हे सगळं तिने "तुला बरं वाटेल असं कर" या एका वाक्यात गुंडाळून ताईला दिलं.

ताई ट्रेनने गेली. पुस्तकांची खोकी आधीच टेम्पोने पाठवली होती. चित्त्यामधून सोडायला येतो, असं नवरा पुन्हा पुन्हा म्हणाला, पण तिने ऐकलं नाही. तो स्टेशनपर्यंत मात्र टॅक्सीत तिच्याबरोबर गेला. चिमीच्या दवाखान्यात त्या सकाळी रूट कॅनालचा एक पेशंट होता. पुढे ढकलता आला असता. दात काही पळून जात नव्हता. पण तिने ढकलला नाही. वाटलं, काय, चार-सहा आठवड्यांत येईलच परत. दारात ताईने तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "डब्बूचा जुना चष्मा माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. लागला तर."

ताई गेल्यावर घर काही कोसळलं नाही. बल्ब कुठे ठेवलेत ते कुणाला सापडेना, गॅसवाल्याचा नंबर कुणाकडे नव्हता, डब्बू दोनदा किल्ली विसरून जिन्यात बसून राहिला. अशा गोष्टी झाल्या आणि निभावल्या. मनी तेवढी गप्प गप्प झाली. ताईची खोली तिला मिळाली होती, पण ती तिथे झोपायला गेली नाही. डब्बूच्या खोलीतच, वरच्या बंकवर, छताला डोकं आपटत झोपत राहिली. विचारलं तर म्हणायची, "मला इथेच बरं वाटतं."

एकदा संध्याकाळी चौघं कुणाच्या तरी साखरपुड्याहून परत येत होते. चिमी चालवत होती. बाहेर वाहतूक तुंबली होती, पण आत नेहमीसारखी शांतता. ती नवऱ्याला म्हणाली, "ताईचं बघ ना. आपणहून फोन म्हणून करत नाही. मीच करायचा. केला तरी कसे आहात, बरे आहात, झालं. इतकी वर्षं आपल्यात राहिली आणि अशी परकी होऊन गेली."

"तूच केलीस," मागून मनी म्हणाली.

"काय?"

"परकी. तूच केलीस."

"मने, नीट बोल," नवरा म्हणाला.

"नीटच बोलतेय. त्या हत्तीच्या शोरूममध्ये आम्ही मागे बसलो होतो. आई त्या माणसाला म्हणाली, आम्ही चौघंच, बहीण काय कधीतरी, पाहुण्यांसारखी. मावशीने ऐकलं. मी तिच्या शेजारी होते. तिचा हात छताला होता, तो तिने खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. मला म्हणाली, मने, कुणाला काही बोलायचं नाही हं. म्हणून मी बोलले नाही. एवढे दिवस बोलले नाही." आणि मनी रडायला लागली, हुंदके देऊन, लहानपणी रडायची तशी.

त्या गाडीत बाहेरचा आवाज येत नव्हता, त्यामुळे ते रडणं ऐकण्यावाचून कुणालाच गत्यंतर नव्हतं. नवऱ्याने चिमीकडे बघितलं. तो काही म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण तो शहाणा माणूस. त्याने नुसतं मागे हात नेऊन मनीच्या गुडघ्यावर ठेवला.

पहिल्यांदा चिमीला वाटलं, आपण असं म्हणालोच नाही. मग वाटलं, म्हणालो, पण त्याचा अर्थ तसा नव्हता. मग खांबांच्या मध्ये गाडी लावता लावता तिला तो सल्लागार आठवला, वर गेलेलं मागचं दार आठवलं, आणि आपण आवाज खाली न आणता, अगदी सहज बोललो होतो हेही आठवलं. बाकीचे वर गेले तरी ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशीचे सगळे पेशंट तिने रद्द केले आणि गाडी काढून एकटीच ताईकडे निघाली. वाटेत तिने कितीतरी वाक्यं जुळवली. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलायची सोय नाही, अशा माणसांशी बोलण्यात तिचं आयुष्य गेलेलं. आपण बोलावं आणि समोरच्याने हुं हुं करावं, एवढंच तिला ठाऊक होतं.

ताई बागेत होती. मैत्रिणीने दार उघडलं, पाणी दिलं आणि बाजारात जायचंय म्हणून निघून गेली. बहुधा काही कामाशिवायच. ताईचे केस आखूड कापलेले होते. हातात काठी होती आणि पायात नवे, जाड तळाचे बूट. तिथल्या वाचनालयात ती आठवड्यातून काही दिवस मुलांना गोष्टी वाचून दाखवायला लागली होती. बरी दिसत होती, आणि चिमीला, का कोण जाणे, त्याचंच वाईट वाटलं.

"मनीने सांगितलं," चिमी म्हणाली. जुळवलेली सगळी वाक्यं विरघळली.

ताई बाकावर बसली. "तिला म्हटलं होतं बोलू नको म्हणून."

"तू का नाही बोललीस? तिथेच का नाही विचारलंस मला? रागावायचंस, भांडायचंस..."

"राग आला असता तर भांडले असते की. तुझ्याशी काय मी कमी भांडलेय?" ताई काठीने मातीत रेघ ओढत राहिली. "राग नाही आला गं. तू काही टोचून बोलली नाहीस. सहज बोललीस. म्हणून तर ते खरं वाटलं. मी म्हटलं, अरे, आपण इतकी वर्षं इथे आहोत आणि ही अजून मला आलेलीच समजतेय. मग मी आठवायला लागले, की तू मला राहा असं कधी म्हणाली होतीस. तर तसं कधी झालंच नव्हतं. मी पण कधी विचारलं नव्हतं. दोघींनीही विषयच काढला नाही."

"मला ती गाडी हवी होती," चिमी म्हणाली. रडणं आवरत नव्हतं. "तेवढंच. काहीतरी कारण पाहिजे होतं. तुला कमी करायचं नव्हतं मला, ताई. सीट कमी करायच्या होत्या."

ताई खुदकन हसली. "सीटच कमी केल्यास ना? मग मी बसणार कुठे?"

हसता हसता तिचेही डोळे भरले. मग चिमी म्हणाली, "परत चल. गाडी बदलून टाकते. हत्ती घेऊ. उद्याच्या उद्या."

"वेडी आहेस का? डब्बू तुला हाकलून देईल."

"मी खरं सांगतेय."

"मला ठाऊक आहे खरं सांगतेयस. पण मी नाही येणार, चिमे. तुला शिक्षा म्हणून नाही, तसं मनात आणू नकोस. इथे आल्यावर पहिल्यांदा मी एका खोलीचं भाडं ठरवून, माझी म्हणून राहतेय. सकाळी उठल्यावर आज कुणाला कुठे सोडायचंय हा विचार येत नाही. पहिले काही दिवस तो आला नाही म्हणून रडले. आता नाही रडत."

काठी टेकत ती उठली. "चल, दाखव तरी ती तुझी गाडी."

ताई पुढच्या सीटवर बसली. बसताना त्रास झाला, कारण चित्त्याचं दार अरुंद आणि छत उतरतं. चिमीने तिच्या डोक्यावर हात धरला. दार लागलं, तो मऊ आवाज झाला. ताईने सीटवर हात फिरवला, काचेच्या छतातून वर बघितलं.

"छान आहे गं," ती म्हणाली. "खरंच छान आहे. आवडण्यासारखीच आहे." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर चिमीला सोसला असता. गावाबाहेरच्या रस्त्याने त्या नदीच्या पुलापर्यंत जाऊन आल्या, आणि वाटेत ताई सवयीने "गिअर..." म्हणाली आणि गिअर आपोआप बदलतो हे लक्षात येऊन गप्प बसली.

त्यानंतर चिमी जमेल तशी जात राहिली. मनी आणि डब्बू सुट्टीत जाऊन राहायला लागले. परत आले की तिथल्या गप्पा जेवणभर चालत, आणि त्यातल्या बऱ्याचशा चिमीला कळत नसत, कारण त्यातली माणसं तिला ठाऊक नसत. ताईशी फोनवर बोलणं वाढलं, हसणंही परत आलं. वरवर पाहिलं तर सगळं जुळून आलं होतं. पण एक दिवस ताईने सहज सांगितलं, की गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं, आता बरं आहे, काठीशिवाय चालते.

"कधी?" चिमीने विचारलं.

"झाले की आता बरेच दिवस. म्हटलं, तुमच्या धावपळीत कशाला. मैत्रीण होती ना बरोबर. भरती होताना जवळचं माणूस म्हणून तिचंच नाव दिलं."

चिमी फोन कानाला लावून दवाखान्याच्या मागच्या खोलीत उभी राहिली. बाहेर पेशंट खोळंबले होते. आपण डॉक्टर, ओळखीचे सर्जन पावलोपावली, आणि आपल्या बहिणीच्या गुडघ्यावर टाके पडले तेव्हा आपण बहुधा कुणाची तरी अक्कलदाढ काढत होतो. तिला म्हणावंसं वाटलं, मला का नाही सांगितलंस? पण विचारायचा हक्क आता आपल्याकडे किती उरलाय याची तिला खात्री वाटेना. "आता दुखत नाही ना?" एवढंच तिने विचारलं.

मनीला बाहेरगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तिला निरोप द्यायला ताई आली. येण्याआधी तिने फोन करून तारीख विचारली होती, तुम्हाला सोयीची आहे ना ते विचारलं होतं, आणि कधी परत जाणार तेही सांगून टाकलं होतं. डब्बू तिला स्टेशनवरून घेऊन आला. दार उघडल्याबरोबर मनी तिच्या गळ्यात पडली, घरात एकदम गलका झाला, नवऱ्याने स्वतः चहा टाकला. चिमीने मागची खोली आदल्या दिवशीच लावून ठेवली होती, नवी चादर घातली होती, खिडकीपाशी दिवा ठेवला होता. ताईने सगळं बघितलं, "अगं किती केलंस!" म्हणाली.

चिमीने कपाटातून धुतलेला मोठा टॉवेल काढला आणि पुढे केला. "हात-पाय धुऊन घे. चहा होतोय."

"राहू दे गं," ताई म्हणाली आणि बॅगेची चेन उघडायला वाकली. "मी माझा आणलाय."

तिने तो काढला, खांद्यावर टाकला आणि न्हाणीघराकडे गेली. तिथे दारापाशी थांबून तिने विचारलं, "गरम पाण्याचा नळ हाच ना?"

"हो," चिमी म्हणाली. "डावीकडचा."